मोझॅकची पहिली ऑर्डर: घराच्या नावाची पाटी

मोझॅक म्हटलं की आपल्याकडे डोळ्यांसमोर येते ती फरशी. जुन्या सोसायट्यांमधली, संगमरवराच्या बारीक खड्यांची, घासूनपुसून गुळगुळीत झालेली. नाहीतर गच्चीवरचं चायना मोझॅक, ज्यावर उन्हाळ्यात कुरडया वाळत पडतात. मी स्टुडिओ सुरू केल्याचं चार जणांत सांगितलं, तेव्हा पहिल्या महिन्यात आलेले दोन्ही फोन गच्ची गळतेय म्हणून होते. तिसरा फोन एका बाईंचा. "घराच्या नावाची पाटी करून द्याल का, टाइलच्या तुकड्यांची?"

छोट्या जागेत काम करणाऱ्या बहुतेकांची पहिली पैशांची ऑर्डर हीच असते, म्हणून इथे फक्त पाटीबद्दलच लिहिते आहे. दीड चौरस फुटांचं काम, पण त्यात सगळं येतं: अक्षरं, रंग, ऊन, पाऊस, भिंत आणि गिऱ्हाईक. शिवाय ती फाटकावर लागते, त्यामुळे चूक झाली तर पोस्टमनसुद्धा वाचतो. उदाहरण म्हणून सबंध लेखात एकच पाटी धरू: १८ बाय १२ इंच, बंगल्याच्या फाटकासाठी, नाव 'सावली'.

आधी जागा, मग चित्र

गिऱ्हाईक येतं तेच मोबाइलमध्ये चित्र घेऊन. मोर, वारली, तुळशीवृंदावन, नाहीतर परदेशातल्या कुणाच्या तरी पाटीचा फोटो. तो फोटो बघा, कौतुक करा आणि बाजूला ठेवा. (दुसऱ्या कलाकाराचं काम जसंच्या तसं उतरवून देत नाही, हेही तेव्हाच सांगून टाका. नंतर सांगायला अवघड जातं.) पहिला प्रश्न एकच: पाटी कुठे लागणार?

फाटकाच्या खांबावर, की लॉबीत दाराशेजारी? पावसाचा मारा कोणत्या बाजूने? रात्री वर दिवा आहे का, आणि तो पिवळा आहे की पांढरा? सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, वाचणारा माणूस किती लांब उभा असेल? शक्य असेल तर टेप घेऊन स्वतः जा. रस्त्याच्या ज्या कडेला रिक्षा थांबेल तिथे उभे राहा आणि खांबापर्यंतचं अंतर मोजून वहीत लिहा. पुढचा प्रत्येक निर्णय या आकड्यावरून घ्यायचा आहे.

कसा, ते सांगते. चांगल्या नजरेला साधारण साडेतीन मीटरवरून १ मिलिमीटरचा फरक जेमतेम कळतो. म्हणजे दोन तुकड्यांमधली २ मिलिमीटरची फट ७ मीटरवरून जवळजवळ नाहीशी होते आणि तुकड्यांचे रंग एकमेकांत मिसळलेले दिसतात. लॉबीतली पाटी माणूस हातभरावरून बघतो, तिथे प्रत्येक फट आणि प्रत्येक टवका दिसतो. म्हणून लॉबीच्या पाटीत बारीक पानं, छटा, नाजूक वेल चालतात. फाटकाच्या पाटीत त्यांचा नुसता डाग दिसतो. तिथे अक्षर मोठं हवं आणि अक्षराचा रंग पार्श्वभूमीपासून ठळक वेगळा हवा. रंगांची जोडी पारखायची सोपी युक्ती अशी: दोन्ही टाइल शेजारी ठेवून मोबाइलवर काळा-पांढरा फोटो काढा. दोन्ही करड्या सारख्याच दिसल्या, तर ती जोडी लांबून वाचता येणार नाही. लाल आणि हिरवा इथे हमखास फसवतात.

जागेवरून पाठीचा बोर्डही ठरतो. घरात कोरड्या भिंतीवर लागणार असेल तर चांगला प्लाय चालेल. बाहेर लागणार असेल तर सिमेंट बोर्डच घ्या, ८ किंवा १० मिलिमीटर जाडीचा. पातळ बोर्ड लवतो, आणि बोर्ड लवला की ग्राउटला (तुकड्यांमधल्या फटी भरायचं सिमेंटी मिश्रण) केसासारख्या चिरा पडतात. एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड) बाहेर कधीच नको. माझी दुसरीच पाटी मी एमडीएफवर साध्या पांढऱ्या फेविकॉलने केली होती. दिवाळीत लावली तेव्हा देखणी दिसत होती. पुढच्या जुलैत बोर्ड कडेने फुगला, गोंद पाण्याने मऊ पडला आणि एक अख्खी वेलांटी खाली आली. त्या घराचं नाव महिनाभर चुकीचं वाचलं जात होतं. मी पाटी फुकट बदलून दिली आणि दोन्ही वेळचा माल माझ्या खिशातून गेला.

अक्षरं कागदावर

मोझॅक पाटी शिकवणारी बहुतेक माहिती रोमन अक्षरांची असते. ए, एच, एल ही काड्यांची अक्षरं चौकोनी तुकड्यांत सहज बसतात. देवनागरीची गोष्ट वेगळी आहे. शिरोरेघ सगळ्यांना एकत्र बांधते, मात्रा-वेलांट्या वर जातात, उकार खाली लोंबतात आणि व, ब, ष यांच्या पोटात पोकळी असते. ती पोकळी बुजली की अक्षर गेलं.

मी एक साधा हिशेब धरते. अक्षराची रेघ एका तुकड्याच्या रुंदीची, म्हणजे साधारण १० मिलिमीटर. व च्या पोटात निदान दोन तुकडे मावले पाहिजेत. एवढं धरलं की शिरोरेघेखाली अक्षराची उंची ७५ ते ८० मिलिमीटरच्या खाली आणता येत नाही. 'सावली'त वर वेलांटीसाठी आणखी ४५ धरा. रुंदीला 'सा' साधारण ११०, 'व' ८०, 'ली' १२०, मिळून ३१० मिलिमीटर. आपला बोर्ड ४५७ मिलिमीटर रुंद आहे, म्हणजे दोन्हीकडे मोकळी जागा राहते आणि खाली एखादी फांदी काढता येते. आता याच बोर्डवर कुणी 'श्रीकृष्णकुंज' मागितलं तर? होत नाही. मोठी पाटी करा, दोन ओळी करा, किंवा नाव बदला (हे शेवटचं बोलायचं नसतं). "बसवू कसंतरी" असं म्हणून ऑर्डर घेऊ नका. कसंतरी बसवलेली जोडाक्षरं वाचता येत नाहीत.

अक्षरं कॉम्प्युटरवरून छापून घेत असाल तर ल आणि श नीट बघा. पुष्कळ फॉन्टमध्ये ही दोन अक्षरं हिंदी वळणाची येतात. मराठीतला ल पाकळीयुक्त आणि श देठयुक्त. राज्य शासनाच्या २००९ च्या निर्णयातही हीच वळणं दिली आहेत. गिऱ्हाईकाला कारण सांगता येत नाही, पण "काहीतरी वेगळं वाटतंय" असं ते नक्की म्हणतं. मी फॉन्ट फक्त प्रमाणासाठी वापरते आणि अक्षर हाताने काढते, कारण तुकड्यांना बारीक-जाड वळण जमत नाही. रेघ सगळीकडे सारख्या जाडीची ठेवावी लागते.

शुद्धलेखन हा वेगळाच विषय. महाराष्ट्रात 'आशिर्वाद' नावाचे किती बंगले आहेत ते मोजायला नको. बरोबर रूप 'आशीर्वाद'. गिऱ्हाईकाला एकदा नम्रपणे सांगायचं, आणि तरी त्यांना पहिली वेलांटीच हवी असेल, तर तसंच करायचं. त्यांचं घर आहे. फक्त नाव त्यांच्याच हाताने कागदावर लिहून घ्या, खाली सही घ्या आणि त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकून "हेच नाव, असंच" असं उत्तर मागा.

चित्र पूर्ण मापाचं काढा, लहान नाही. ते कार्डशीटवर रंगवून गिऱ्हाईकाला देते आणि सांगते, "दोन दिवस फाटकावर चिकटपट्टीने लावून ठेवा, येता-जाता बघा." निम्म्या दुरुस्त्या इथेच होऊन जातात आणि कागद बदलायला काही लागत नाही. अक्षर थोडं मोठं हवं, रंग गडद हवा, पाटी खांबापेक्षा रुंद होतेय, हे सगळं आत्ता कळतं.

पैसे आणि मुहूर्त

नवखे चुकतात ते इथे. टाइलची किंमत काढतात, वर थोडं लावतात आणि आकडा सांगतात. प्रत्यक्षात टाइल हा या कामातला किरकोळ खर्च आहे, खरा खर्च तासांचा.

तुकडे मोजून बघा. बाजारात मिळणारी काचेची मोझॅक टाइल बहुधा २० मिलिमीटरची आणि ४ मिलिमीटर जाडीची असते. अख्ख्या टाइल लावल्या तर चौरस फुटाला १९० च्या आसपास लागतात. चार तुकडे करून १० मिलिमीटरच्या लावल्या तर ७७० च्या आसपास. 'सावली'त अक्षरं आणि त्यांच्या भोवतीची ओळ बारीक तुकड्यांची, बाकी पार्श्वभूमी अर्ध्या टाइलची धरली, तर एकूण ८०० तुकडे होतात. एक तुकडा निवडणं, कापणं, बसवून सरळ करणं याला सरासरी ४५ सेकंद धरा. झाले १० तास. त्यात चित्राचे ३, बोर्ड तयार करण्याचा १, ग्राउट आणि साफसफाईचे ३, दोन खेपांचे प्रवासासकट ४ आणि फोनवरच्या गप्पांचा १. एकूण २२ तास. तासाचे २५० रुपये धरले तर ५,५०० मजुरी, १,५०० चा माल, भाडं-वीज-हत्यारांची झीज-फुटतूट यांचे १,०००. बेरीज ८,०००. आकडे हिशेबाची रीत दाखवायला घेतलेत, तुमचा दर तुमचा. पण पहिली तीन कामं होईपर्यंत घड्याळ लावून प्रत्येक टप्प्याचे तास वहीत लिहा. नव्या हाताला एका तुकड्याला एक मिनिटाहून जास्त लागतं. ते गिऱ्हाईकाकडून वसूल होणार नाही, पण आपल्याला माहीत तरी असावं.

"टाइलच तर चिकटवायच्यात" हे वाक्य ऐकायची तयारी ठेवा. बहुधा ते नात्यातलं कुणीतरी म्हणतं. मी नातेवाइकांना सवलत देते किंवा पाटी भेट म्हणून देते, पण भाव पूर्णच सांगते, म्हणजे सवलत किती दिली ते त्यांनाही कळतं.

चित्र पक्कं झालं की निम्मी रक्कम घ्या आणि त्यानंतरच माल आणा. उरलेली रक्कम पाटी लावायला निघण्याआधी. कागदावर एवढं तरी असावं: माप, नाव, रंगाचे नमुने, किती दुरुस्त्या फुकट (मी दोन धरते), चिकटवायला सुरुवात झाल्यावर बदल नाही, आणि भिंतीला भोकं कोण पाडणार. शेवटचा मुद्दा क्षुल्लक वाटतो. एकदा नव्या ग्रॅनाइटच्या खांबाला ड्रिल लावायची वेळ आली की वाटणार नाही.

तारीख विचाराल तर उत्तर येईल, "वास्तुशांतीच्या आत." मग उलटं मोजा. लावण्याचा दिवस १, त्याआधी ग्राउट मुरायला ७, ग्राउटचा १, त्याआधी चिकट (तुकडे चिकटवायचं मिश्रण) सुकायला १ ते २, चिकटवायला संध्याकाळच्या वेळा धरून ५, चित्राला ४ आणि रंग मिळेपर्यंतचे २. तीन आठवडे झाले. मुहूर्त त्याच्या आत असेल तर सरळ सांगा की त्या दिवशी कार्डशीटची पाटी लावा, खरी नंतर येईल. गुढीपाडव्याच्या आणि दिवाळीच्या आधीच्या महिन्यात तर नवीन काम घेताना दोनदा विचार करा.

माल, हत्यारं आणि काचेचे कण

जागा १० बाय १० ची खोली पुरते. माझ्याकडे एक उंच टेबल आहे, कारण बसून मान मोडते. खिडकीचा उजेड, पाण्याची बादली आणि श्रीखंडाचे रिकामे डबे, रंगागणिक एक. शेजारी असतील तर दुपारी एक ते चार काही कापू नका, पुण्यात तर नाहीच.

टाइलसाठी पोहण्याच्या तलावाचं सामान विकणारी दुकानं शोधा. काचेची मोझॅक टाइल तिथे कागदावर किंवा जाळीवर चिकटवलेल्या चौकोनात मिळते. दुकानांत उरलेल्या एकेका रंगाचे चौकोन पडून असतात, ते स्वस्तात मिळतात. भिंतीच्या साध्या सिरॅमिक टाइलही चालतात. आपल्याकडच्या बहुतेक गुजरातेतल्या मोरबीहून येतात. जमिनीच्या व्हिट्रिफाइड टाइलच्या नादी सुरुवातीला लागू नका, निपरने (टाइल तोडायच्या पकडीने) त्या सरळ तुटत नाहीत आणि मनगट जातं.

काही गिऱ्हाईकं घरातल्या फुटक्या कपबशा आणतात. आजीची निळ्या काठाची बशी, सोनेरी कडेचा कप. जरूर वापरा. चंदीगडला नेक चंद यांनी फुटकी क्रोकरी आणि बांगड्यांमधून उभं केलेलं रॉक गार्डन १९७६ साली लोकांसाठी खुलं झालं. स्पेनमधल्या बार्सिलोनाच्या पार्क ग्वेलमध्ये वास्तुरचनाकार गाउदीच्या लांबलचक बाकावरही असेच फुटक्या टाइलचे तुकडे आहेत. बशीचा तुकडा वाकडा असतो, म्हणून त्याखाली चिकट कमी-जास्त भरून वरची पातळी जुळवावी लागते. अक्षरात मात्र तो वापरू नका, पार्श्वभूमीत किंवा फुलात बरा. 'अंगण'सारख्या नावातला अनुस्वार मी एकदा कपाच्या कानाच्या गोल तुकड्याचा केला होता. पाटी बघणारा प्रत्येक जण आधी त्याबद्दलच विचारतो.

हत्यारांत पैसे एकाच वस्तूवर खर्च करा: चाकांचा निपर. दोन टणक कार्बाइडची चाकं असतात, काच त्यांच्यात चिमटून तुटते. पूर्ण टाइल तोंडात घालायची नाही. कडेला चाक तीनेक मिलिमीटर आत ठेवा, चाकाची दिशा जिकडे तुकडा तोडायचा तिकडे, आणि एकदम दाबा. चीर स्वतःच पलीकडे धावते. हळूहळू दाबलं तर काचेचा चुरा होतो. पहिले शंभर तुकडे टाकाऊ टाइलवर कापा. चौकोन जमले की पाचरीच्या आकाराचे तुकडे कापायला शिका, एका बाजूला रुंद आणि दुसरीकडे निमुळते. वळणावर असेच तुकडे लागतात, चौकोन वळवले तर बाहेरच्या बाजूला त्रिकोणी भगदाडं पडतात. कालांतराने चाकाची एक जागा बोथट होते. तेव्हा स्क्रू सैल करून चाक थोडं फिरवा, नवीन निपर आणू नका.

चष्मा असला तरी वर गॉगल. काचेचा कण कुठल्या दिशेने उडेल ते सांगता येत नाही. सिरॅमिक कापताना उडणारी धूळ फुप्फुसात जाऊन बसते, म्हणून एन ९५ मास्क लावा आणि टाइल ओली करून कापा. संध्याकाळी झाडू मारू नका, त्याने सगळी धूळ परत हवेत जाते. ओल्या फडक्याने पुसून घ्या. घरात लहान मूल असेल तर या खोलीला कडी हवीच.

चिकटवणं

बाहेरच्या कामाला सिमेंटचा, पॉलिमर मिसळलेला टाइल ॲडहेसिव्ह. पिशवीवर आयएस १५४७७ हा मानक क्रमांक आणि टाइप १ ते ५ यांपैकी एक छापलेलं असतं. काचेच्या टाइलला आणि बाहेरच्या भिंतीला चालतो असं स्पष्ट लिहिलेलाच घ्या. दुकानदार "सगळ्याला चालतं" म्हणाले तरी पिशवीची मागची बाजू वाचा. आणि पांढराच घ्या, करडा नको. पुष्कळ काच थोडी पारदर्शक असते, करड्या चिकटावर पिवळी टाइल मळकी दिसते. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, एक अख्खं सूर्यफूल मळकं झाल्यावर कळलं.

बोर्ड ओल्या फडक्याने पुसा, नाहीतर तो चिकटातलं पाणी शोषून घेतो. भुकटीत पाणी घालून श्रीखंडाइतपत घट्ट कालवा, पाच मिनिटं ठेवा, परत ढवळा. नंतर घट्ट होऊ लागलं तर पाणी घालून सैल करू नका, फेकून द्या. म्हणून एका वेळी वाटीभरच कालवायचं. मे महिन्यात, विशेषतः नागपूर-अकोल्याकडे, वरचा थर फार लवकर सुकतो आणि त्यावर ठेवलेला तुकडा चिकटल्यासारखा दिसतो पण चिकटत नाही. शंका आली तर एक तुकडा उचलून बघा. त्याच्या पाठीला चिकट लागलेलं असलं पाहिजे.

आता नवख्यांना हमखास गोंधळात टाकणारी गोष्ट. चित्र बोर्डवर कार्बनने उतरवलंत, वर चिकट पसरलंत, आणि चित्र गायब. चिकट पारदर्शक नसतं. त्यामुळे अक्षरांसाठी चिकट बोर्डवर पसरायचंच नाही. प्रत्येक तुकड्याच्या पाठीला छोट्या सुरीने लोणी लावतात तसं लावायचं आणि रेघेवर बसवायचं. वेळ लागतो, पण रेघ दिसत राहते. पार्श्वभूमी करताना मात्र तळहाताएवढ्या भागात पसरून काम करता येतं. मूळ चित्राची ट्रेसिंग पेपरवर एक प्रत ठेवा, मधूनमधून वर ठेवून पडताळायला.

क्रम असा. आधी शिरोरेघ, पट्टी लावून, कारण ती वाकडी झाली तर सगळं नाव घरंगळतंय असं वाटतं. मग काना आणि उभ्या रेघा, मग वळणं, शेवटी वेलांटी. अक्षरातल्या तुकड्यांमध्ये फट १ मिलिमीटर ठेवा आणि पार्श्वभूमीत २. एवढ्याशा फरकाने अक्षर एकसंध दिसतं. अक्षरं झाली की त्यांना चिकटून पार्श्वभूमीच्या रंगाची एक ओळ फिरवा, सगळ्या वळणांच्या मागोमाग. रोमन कारागीर आकृत्यांभोवती अशीच ओळ फिरवायचे. तिने अक्षराची कड धारदार होते. मग बोर्डच्या बाहेरच्या कडेची ओळ, आणि उरलेली जागा दोन्हींकडून भरत आत. मध्ये कुठेतरी ओळी एकमेकींना धडकतात, तिथे वेडेवाकडे तुकडे लागतात. ती जागा अक्षराजवळ येऊ देऊ नका, कोपऱ्यात जाऊ द्या.

तुकडे पालथे कागदावर चिकटवून नंतर सगळा कागद भिंतीवर उलटवायची एक पद्धत आहे, ती सपाट जमिनीसाठी चांगली. पाटीला नको. त्यात नाव आरशातल्यासारखं उलटं मांडावं लागतं, आणि देवनागरी उलटी लिहिताना भले भले चुकतात.

कडेला भिडणारे तुकडे बोर्डच्या बाहेर येऊ देऊ नका. चिकट फटींतून वर आलं असेल तर ओलं असतानाच काडीने काढा. दातांच्या डॉक्टरांकडची जुनी बारीक हत्यारं याला उत्तम. एक रात्र, पावसाळ्यात दोन, पाटीला हात लावायचा नाही.

ग्राउट

ग्राउट हा पाटीतला तिसरा रंग आहे, तो शेवटी निवडायचा नसतो. पांढरं ग्राउट सगळे रंग फिके करतं आणि पाटी बाथरूममधून आणल्यासारखी दिसते. गडद करडं बहुतेक रंगांना उठाव देतं. पण अक्षरं काळी-निळी असतील आणि पार्श्वभूमी फिकी, तर गडद ग्राउटने पार्श्वभूमीवर जाळं दिसतं आणि अक्षर त्यात अडकतं. तिथे वाळूच्या रंगाचं घ्या. अंदाज बांधत बसण्यापेक्षा उरलेल्या तुकड्यांचे तीन छोटे नमुने चिकटवून तीन रंगांचं ग्राउट भरून बघा आणि गिऱ्हाईकालाही दाखवा.

३ मिलिमीटरपर्यंतच्या फटींना बिनवाळूचं ग्राउट. ते घट्ट कालवून रबरी पट्टीने तिरकं ओढत भरा. हातमोजे घाला, सिमेंटने कातडी फाटते. वीस मिनिटांनी बोट लावून बघा, उमटलं नाही की पिळलेल्या स्पंजने हलकं पुसा. स्पंज ओला गच्च असेल तर फटीतलं ग्राउट धुऊन निघतं. दोन तासांनी काचेवर पांढुरकी साय दिसेल, ती कोरड्या सुती फडक्याने जाते. जुनी धोतरं यासाठी जपून ठेवा. ॲसिड लावू नका, साय जाते आणि ग्राउटही. मग दोन-तीन दिवस प्लास्टिकखाली झाकून ठेवा, दमट राहिलं की ते पक्कं होतं.

आणि ग्राउटचं पाणी मोरीत ओतू नका. ते पाइपातही तितकंच पक्कं होतं. बादलीत रात्रभर राहू द्या, वरचं निवळ पाणी झाडाझुडपांपासून लांब मातीत ओता, खालचा गाळ सुकवून कचऱ्यात टाका.

बोर्डची पाठ आणि कडा वॉटरप्रूफिंगच्या रंगाने दोनदा रंगवा. पाणी पाटीत पुढून शिरतं त्यापेक्षा मागून आणि कडेने जास्त शिरतं.

लावणं

तयार पाटी चार किलोच्या आसपास भरते. नुसत्या दुतर्फी चिकटपट्टीवर विश्वास ठेवू नका. चिकटवण्याआधीच बोर्डला चार कोपऱ्यांत भोकं पाडून ठेवलेली असावीत, भोकाभोवती तुकडे लावायचे. काचेतून नंतर ड्रिल करायची वेळ येऊ नये. भिंतीत रावळ प्लग, वर स्टेनलेस स्टीलचा स्क्रू आणि आरशाला लावतात तशी पितळी टोपी. साधा स्क्रू दोन पावसाळ्यांत गंजून खाली तांबडा ओघळ सोडतो. कोकणात, समुद्राजवळ असाल तर एसएस ३१६ चे (खाऱ्या हवेत टिकणाऱ्या स्टेनलेस स्टीलचे) स्क्रू मागा. जांभ्याच्या भिंतीत छोटा प्लग सैल पडतो, तिथे लांब प्लग घ्या. स्क्रू हाताने आवळा, मशिनने आवळाल तर बोर्ड तडकेल. पाटी आणि भिंत यांच्यामध्ये वॉशर घालून थोडी फट ठेवा, ओल सुकायला.

नेताना पाटी उभी न्या, दोन्हीकडे थर्माकोल लावून. आडवी ठेवून वर पिशवी ठेवणारं कुणीतरी गाडीत असतंच.

लावून झालं की जाऊन उभे राहा, पहिल्या दिवशी जिथून अंतर मोजलं होतं तिथे. तिथून नाव एका नजरेत वाचता आलं पाहिजे. एखादं अक्षर पार्श्वभूमीत हरवत असेल, तर त्याच्या भोवतालच्या फटींवर ग्राउटचा रंग बारीक ब्रशने गडद किंवा फिका करता येतो, तेवढी सोय अजून हातात असते. मग फोटो काढा, एक सकाळच्या उन्हात, एक दिव्याखाली. पुढच्या गिऱ्हाईकाला हेच दाखवायचेत.

निघताना त्यांच्या हातात एक छोटी पुडी द्या: प्रत्येक रंगाचे पाच-सहा तुकडे आणि वर ग्राउटच्या रंगाचं नाव लिहिलेलं. तोच रंग तीन वर्षांनी दुकानात मिळेलच असं नाही. पाटीसाठी पहिला फोन करणाऱ्या त्या बाईंनी माझी पुडी देव्हाऱ्याच्या खणात ठेवली आहे. गेल्या वर्षी क्रिकेटचा चेंडू लागून एक तुकडा उडाला, तेव्हा त्यांनी आधी पुडी शोधली आणि मग मला फोन केला.